कलियपेरुमाळ टी. यांचे उल्लेख

मन्नारगुडीच्या भातगिरणीत वजनकाटा धरणारा, तिसरीच्या पुढे शाळेचं तोंड न पाहिलेला आणि जन्मात डोळ्यांच्या दवाखान्याची पायरी न चढलेला कलियपेरुमाळ, मरून तीन तपं उलटल्यावर, नेत्रवैद्यकातला मोठा संशोधक ठरला. ही बातमी त्याच्या मुलीला कुरियरने घरपोच मिळाली.

डॉक्टर तिलकवती तेव्हा गच्चीवर तांदळाचे वडाम वाळत घालत होत्या. बाई पंचाहत्तरी ओलांडलेल्या, पण दुसऱ्या कुणी केलेलं वाळवण त्यांना अजून पसंत पडत नसे. हात पुसून त्यांनी पाकीट फोडलं. आत ‘दक्षिण नेत्रवैद्यक’ या त्रैमासिकाचा सुवर्णमहोत्सवी अंक होता. तरुणपणी त्यांनी या त्रैमासिकात लिहिलं होतं, आजीव वर्गणी भरली होती, म्हणून अंक येत राहायचे आणि त्या ते न चाळता कपाटात रचायच्या. हा अंक चांगला जाडजूड होता. काम थांबलंच आहे तर निदान बघू तरी, म्हणून त्या पायरीवर टेकल्या.

मधल्या पानांत एक लांबलचक लेख होता. पन्नास वर्षांत आपल्याकडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी कशाकशावर लिहिलं आणि पुढच्यांनी त्यातलं काय काय आधाराला घेतलं, याचा तो आढावा होता. पहिली वीस वर्षं खुपऱ्या, रातांधळेपणा आणि बुबुळावरचे व्रण. मग मोतीबिंदूची भिंगं आली, मग लेसर आला, मग मधुमेहाने सगळी पानं खाल्ली. बुबुळावरच्या व्रणांची रेघ आलेखात उतरत उतरत तळाला टेकली होती. ज्यांची बुबुळं सडतात ती माणसं काही कमी झाली नव्हती, त्यांच्यावर लिहून बढती मिळेनाशी झाली होती, एवढंच.

त्याखाली मान्यवरांची यादी होती. एकाच्या निबंधाचा आधार दुसऱ्याने घेतला, की आपल्या निबंधाच्या शेवटी त्याचं नाव द्यायचं, याला उल्लेख म्हणतात. ज्याचे उल्लेख जास्त तो मोठा. या धंद्यात माणसाची उंची अशीच मोजतात. यादीत सगळ्यांत वर नाव होतं, कलियपेरुमाळ टी. बरंच खाली, कुणाच्या नजरेत न भरेल अशा जागी, संबंदम टी. हेही एक नाव होतं.

तिलकवतींना आधी हसू आलं. अप्पा आणि संशोधक. मग कलियपेरुमाळच्या पुढे छापलेली निबंधांची नावं त्यांनी वाचली आणि हसू जागच्या जागी आटलं. ते निबंध त्यांचे होते. खालच्या संबंदमचेही त्यांचेच होते. संबंदम हे त्यांच्या नवऱ्याचं नाव, आणि तो बिचारा बांधकाम खात्यात पूल बांधता बांधता निवृत्त होऊन वारला होता.

आमच्याकडे, तमिळ मुलखात, आडनाव नसतं. बापाच्या नावाचं पहिलं अक्षर आपल्या नावाआधी लावलं की काम भागतं. के. तिलकवती म्हणजे कलियपेरुमाळची तिलकवती. लग्न झालं की बाप गळतो आणि नवऱ्याचं अक्षर येतं, तशी ती पुढे एस. तिलकवती झाली. गावात यावाचून कुणाचं अडत नाही. पण त्रैमासिकाच्या कचेरीतून, कुणाचे उल्लेख किती हे नोंदणाऱ्या परदेशातल्या सूचीकडे दर वर्षी जो तक्ता जायचा, त्यात आडनावाचा रकाना असे, आणि रकाना रिकामा गेला की तक्ता परत येई. म्हणून कचेरीतल्यांनी सरसकट सगळ्यांच्या बापांची नावं त्या रकान्यात बसवली आणि लिहिणाऱ्याचं स्वतःचं नाव मागे एका अक्षरापुरतं ठेवलं; तिलकवतीचा उरला तो ‘टी.’ बायकांच्या बाबतीत नवऱ्यांचीही बसवली. ज्यांना परदेशी जायचं होतं त्यांनी वेळीच खटपट करून आपलं नाव सोडवून घेतलं. तिलकवतीला कुठे जायचं नव्हतं.

आता या कलियपेरुमाळबद्दल सांगितलं पाहिजे, कारण दुसऱ्या कुणाचा बाप असता तर ही गोष्ट हसण्यावारी गेली असती.

गिरणीत काट्यापाशी उभं राहून आलेलं भात तोलायचं, हे त्याचं काम. तिलकवती शाळेच्या शेवटच्या वर्गात होती तेव्हा शेतकऱ्यांनी ओरड केली की हा तोलताना पारड्यावर अंगठा दाबतो. दाबत होता की नव्हता, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. मालकाने चौकशी न करता त्याला काढलं. त्या दिवसापासून गावात त्याला ‘अंगठा कलियपेरुमाळ’ म्हणू लागले. पोरंसोरं रस्त्यात अंगठा दाखवून पळत. तो पुन्हा कुठे कामाला लागला नाही. देवळाच्या तळ्याकाठी पायरीवर बसून दिवस काढायचा, आणि बोलायचा तो फक्त घरात, तेही घालून पाडून.

तिलकवतीला तंजावरच्या वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली तेव्हा मामाने पेढे वाटले आणि बापाने ताट सारलं.

“मढी चिरायला जाणार तू?” तो म्हणाला. “जा. पण माझं नाव त्या खोलीत नेऊ नकोस. आधीच काय कमी शोभा झालीय त्याची.”

“शाळेच्या दाखल्यावर आहे ते, अप्पा. काढता येत नाही.”

“मग मिटवून टाक. तुझं तू बघ.”

ती गेली. त्यानंतर तो तिच्याशी सरळ कधी बोलला नाही. सुटीत घरी आली तर बायकोला सांगायचा, तिला जेवून घे म्हणावं. त्याचा शेवट झाला तेव्हा ती नागपट्टणमच्या दवाखान्यात नोकरीला होती आणि पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. बापलेकीत जे राहिलं ते राहिलंच.

तिने जे निबंध लिहिले ते या मुलखातल्या सुगीवर लिहिले. पोंगलच्या आगेमागे कापणी-मळणी सुरू झाली की डोळ्यांत साळीचं कुसळ जातं. बाया आधी अंगावरचं दूध पिळतात, मग एरंडेल घालतात, मग औषधाच्या दुकानातून लाली उतरवणारे थेंब आणतात. लाली उतरते, घरातले म्हणतात बरं झालं, आणि आतली बुरशी त्या स्टिरॉइडच्या थेंबांवर पोसून बुबुळ पोखरते. पुढे डोळ्यात फूल पडतं आणि माणूस आयुष्यभर एका बाजूने चाचपडतो. तिलकवतीने सुगीमागून सुगी स्वतःच्या हाताने ते व्रण खरवडले, काचपट्टीवर घेतले, मायक्रोस्कोपखाली पाहिले आणि लिहिलं, की कुसळाच्या जखमेत हे थेंब घालू नका. आज ही गोष्ट डोळ्यांच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असते. तेव्हा नव्हती.

तर त्या दिवशी तिलकवतींनी पायरीवर बसल्या बसल्याच त्या लेखाखालचा फोन नंबर फिरवला. लेख लिहिणारी बाई तंजावरच्या एका महाविद्यालयात ग्रंथालयशास्त्र शिकवणारी, जुलैखा नावाची, मूळची जवळच्याच कूत्तानल्लूरची निघाली. ती दुसऱ्याच दिवशी बस पकडून आली आणि दारातच रडवेली झाली.

“डॉक्टरम्मा, मी गावोगाव विचारलं,” ती म्हणाली. “कलियपेरुमाळ नावाचा डोळ्यांचा डॉक्टर कुणाला आठवेना. मला वाटलं वारले असतील, म्हणून कैलासवासी लावलं.”

“वारलेत ते. तेवढं बरोबर आहे तुझं.”

“यंत्राने दिलं तसं मी लिहिलं. आडनावाच्या रकान्यात जे होतं ते.”

“आणि निबंध? एखादा तरी उघडून पाहिलास? पहिल्या पानावर माझं नाव छापलंय.”

जुलैखाने खाली पाहिलं. “हजारांनी निबंध होते, अम्मा. उल्लेख मोजायला निबंध वाचावे लागत नाहीत.”

हे उत्तर इतकं खरं होतं की तिलकवतींना तिच्यावर रागावताही येईना. त्यांनी तिला कॉफी दिली, चकलीसारखे मुरुक्कू दिले. पोरगी मनाची साफ होती. दुरुस्तीचं पत्र मी स्वतः लिहिते, म्हणाली, संपादकांच्या हातात नेऊन देते, म्हणाली. सुवर्णमहोत्सवाचा समारंभ महिन्यावर आला होता. त्यात पहिल्या मान्यवराच्या घरच्यांचा शाल देऊन सत्कार व्हायचा होता, आणि त्याआधी नाव सुधारलं तर ती शाल तिलकवतींच्या खांद्यावर पडणार होती. खरं सांगायचं तर त्यांना ती हवी होती. आयुष्यभर कुणाकडे काही न मागितलेल्या बाईला म्हातारपणी एकदम हाव सुटली, असं त्यांना स्वतःलाच वाटलं आणि लाज वाटली. पण हवी होती.

संपादक होते डॉक्टर ज्ञानशेखरन. यादीत त्यांचा नंबर दुसरा. तिलकवतींच्या हाताखाली उमेदवारी केलेला हा माणूस, त्यांना अजूनही अक्का म्हणणारा. त्याला सगळं ठाऊक होतं. पत्र पोचलं तसा त्याचा फोन आला.

“अक्का, चूक झाली, मान्य,” तो म्हणाला. “पण जरा दमानं घ्या. या वर्षी त्या सूचीवाल्यांची आमच्यावर नजर आहे. त्रैमासिक ठेवायचं की काढायचं ते ठरवतायत. पहिलंच नाव चुकीचं निघालं तर म्हणतील यांचे सगळेच आकडे कच्चे. पन्नास वर्षांचं काम पाण्यात जाईल.”

“मग माझं काम?”

“ते कुठे जातंय? समारंभ होऊ दे, मागाहून एक दुरुस्ती छापतो. आणि अक्का, नाव परक्याचं आहे का? तुमच्या बापाचंच आहे ना? मुलीच्या हातून बापाचं नाव एवढं मोठं झालं. लोक नवस करतात यासाठी.”

बापाचं नाव मोठं झालं म्हणून कुरकुरणारी मुलगी आमच्या मुलखात अजून जन्माला यायची आहे. तिलकवतींनी फोन ठेवून दिला. आयत्या बिळावर नागोबा, ही म्हण त्यांच्या ओठांवर आली होती. पण बापाला नागोबा कसं म्हणायचं?

दोन दिवसांनी सकाळी दूध आणायला गेल्या तर गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागलेला. जरीकाठी उपरणं घातलेले अप्पा, पूर्ण माणसाच्या उंचीचे. उपरणं संगणकावर चढवलेलं होतं, अप्पांकडे तसलं कधीच नव्हतं. खाली मोठ्या अक्षरांत, जगभर गाजलेलं नाव, मन्नारगुडीचा मान, कलियपेरुमाळ. कोपऱ्यात हात जोडलेला नटेसन.

नटेसन त्यांचा धाकटा भाऊ. सहकारी सोसायटीतून निवृत्त झालेला, चार घरं सोडून राहणारा, रोज संध्याकाळी न चुकता बहिणीकडे कॉफीला येणारा. नवरा गेल्यावर मूल ना बाळ अशी ती गावी परतली, ती या भावाच्या भरवशावर. महोत्सवाचं निमंत्रण कचेरीने शोधून शोधून त्यालाच पाठवलं होतं, मुलगा म्हणून.

“तंबी, हे काय चालवलंयस?” त्या संध्याकाळी तिलकवतींनी विचारलं. “तुला माहीत नाही ते निबंध कुणाचे आहेत?”

“माहीत आहे, अक्का. मी काही एवढा बावळट नाही. म्हणून तर डॉक्टर लिहिलं नाही फ्लेक्सवर. नुसतं नाव लिहिलंय. नाव तर गाजलंय ना?”

“ते माझं गाजलंय.”

नटेसनने कॉफीचा पेला खाली ठेवला. इतका वेळ तो हसत होता, आता थांबला.

“तू तंजावरला गेलीस अक्का. मी इथे होतो. शाळेत मला अंगठ्याचा पोरगा म्हणायचे. सोसायटीत चिकटलो तर पहिल्या दिवशी मॅनेजर म्हणाला, काट्याजवळ नका हो याला ठेवू. लग्नाच्या बैठकीत अंजुगमच्या काकाने विचारलं, तेच का ते. मी काही बोललो नाही कधी. आज सकाळी चहाच्या दुकानात एकाने मला उठून जागा दिली. अप्पांच्या नावाने दिली. तुला लोक डॉक्टरम्मा म्हणून नमस्कार करतात, तुझं काय अडलंय? हे एवढं असू दे त्यांना.”

“त्यांनीच मला सांगितलं होतं, माझं नाव नेऊ नकोस म्हणून.”

“आणि तू नेलंस. मग आता परत का मागतेस?”

भाऊ म्हणत होता त्यात खोटं काही नव्हतं. आपण म्हणतो त्यातही नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, “बरं. मी नाही बोलणार.”

“शब्द?”

“शब्द दिला म्हणते ना.”

समारंभ तंजावरला झाला. सभागृह गच्च भरलेलं, पुढच्या रांगेत कडक इस्त्रीची वेष्टी नेसून नटेसन, शेजारी त्याची बायको अंजुगम, तिच्याशेजारी तिलकवती. व्यासपीठावर अप्पांचा फोटो, त्याला शेवंतीचा हार. फोटो नटेसनने घरून आणला होता, मांडीवर धरून, बसभर. सूत्रसंचालन करणारा तरुण डॉक्टर कागदावरून वाचत होता. कैलासवासी डॉक्टर कलियपेरुमाळ असे होते, तसे होते. तिलकवती ऐकत होत्या आणि मनात म्हणत होत्या, होऊ दे, तंबीचा चेहरा बघ कसा फुललाय.

“त्यांच्याबद्दल एक आठवण सांगतात,” तो तरुण वाचत गेला. “एका म्हाताऱ्या शेतमजूर बाईचा व्रण खरवडायचा होता. ती टेबलावर झोपेना. टेबलावर मढी झोपवतात, म्हणाली. तेव्हा डॉक्टर कलियपेरुमाळ व्हरांड्यात जमिनीवर बसले, तिचं डोकं त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि तसंच काम केलं.”

तिलकवतींच्या मांडीला ते डोकं जाणवलं. केसांना शेणाचा आणि एरंडेलाचा वास होता. वीज गेली होती आणि टॉर्च धरायला एक नवखा पोरगा होता, तो सारखा उजेड भलतीकडे पाडायचा म्हणून त्याला दोनदा दटावावं लागलं होतं. तो पोरगा आता व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसला होता. ही आठवण त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाजवळ नव्हती. ज्ञानशेखरन आपल्या बुटांकडे बघत होते.

“त्यांच्या कन्येला दोन शब्द बोलण्याची विनंती करतो,” सूत्रसंचालक म्हणाला.

त्या उठल्या. अंजुगमने त्यांचा पदर सारखा केला. माइकपाशी जाईपर्यंत तरी आपण आभार मानून परत येऊ असंच त्यांच्या मनात होतं, हे मी खात्रीने सांगतो.

“कलियपेरुमाळ माझे वडील,” त्या म्हणाल्या. “ते डॉक्टर नव्हते. मन्नारगुडीच्या गिरणीत भात तोलायचे. तिसरी शिकले होते. हे निबंध मी लिहिलेत. त्या म्हातारीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. संपादकांना विचारा, टॉर्च त्यांनी धरला होता.”

सभागृहात कुणी खोकलं. मग मागच्या बाजूला कुणीतरी हसलं, आणि ते हसू चुळबुळत पुढच्या रांगेपर्यंत आलं. ज्ञानशेखरन उठले, माइक हातात घेतला, तांत्रिक कारणाने थोडा घोळ झाला आहे, योग्य ती दुरुस्ती होईल, अक्कांचं योगदान आम्ही सगळे जाणतो, असं काहीबाही बोलले, आणि शाल तिलकवतींच्या खांद्यावर घातली. टाळ्या पडल्या. त्या ज्या शालीसाठी आसुसल्या होत्या ती अंगावर होती आणि त्यांचं सगळं लक्ष नटेसनकडे होतं. तो व्यासपीठावर चढला, कुणाला काही न विचारता फोटोवरचा हार काढून ठेवला, फोटो आपल्या उपरण्यात गुंडाळला आणि बाजूच्या दाराने बाहेर पडला.

परतीच्या बसमध्ये तो मागे बसला. मन्नारगुडीला उतरल्यावर तिलकवती त्याच्यासाठी थांबल्या.

“तंबी, माझ्याने राहवलं नाही रे.”

“तू खरं तेच बोललीस,” तो म्हणाला. “एकदा त्यांना गिरणीच्या मालकाने काढलं. आज तू काढलंस.”

एवढं बोलून तो बायकोला घेऊन चालू लागला. सकाळी फ्लेक्सच्या जागी नुसत्या काठ्या उभ्या होत्या.

गोष्ट इथे थांबती तरी पुरे होतं. पण सभागृहात मन्नारगुडीचा एक वार्ताहर होता. त्याने छापलं की गिरणी कामगाराच्या नावावर संशोधन, महोत्सवात गोंधळ. छापलं त्यात चूक नव्हती. पण चहाच्या दुकानात ते ज्याने मोठ्याने वाचलं, तो पेपर मिटताना म्हणाला, “मेल्यावरसुद्धा म्हाताऱ्याने अंगठा दाबलाच म्हणायचा.” सगळे हसले. नटेसन तिथे बसलेला होता. त्याने अर्धा चहा तसाच ठेवला आणि घरी आला, तो पुढे कितीतरी दिवस बाहेर पडलाच नाही. हे तिलकवतींना अंजुगमने दारात उभ्या उभ्या सांगितलं. आत ये म्हटलं तर म्हणाली, नको, यांना आवडणार नाही.

दुरुस्ती छापून आली. पुढच्या अंकाच्या शेवटच्या पानावर, जाहिरातीच्या वर, बारीक टायपात. कलियपेरुमाळ टी. आणि संबंदम टी. यांच्या जागी तिलकवती के. असे वाचावे. सूचीवाल्यांनी त्रैमासिकाला काढलं वगैरे काही नाही. ज्ञानशेखरनना उगाच धसका होता, किंवा तसं म्हणायला सोयीचं होतं. तिलकवतींनी तो अंक घेऊन नटेसनकडे जायचं ठरवलं. मग वाटलं, त्याला हे काय दाखवायचं? अंक कपाटात गेला.

दोन वर्षांनी जुलैखा पुन्हा आली. तिने नवी मोजणी केली होती. आल्या आल्या पिशवीतून कागद काढला आणि तो हातात धरूनच बसली, पुढे करेना.

“वाढलेत उल्लेख, डॉक्टरम्मा. चिकार वाढलेत. कुसळाच्या व्रणांवर परदेशात पुन्हा काम सुरू झालंय.”

“कुणाचे वाढलेत?”

तिने कागदाची घडी घातली.

“सांग ना ग.”

“कलियपेरुमाळ टी. यांचे. मी दुरुस्ती सगळीकडे पाठवली, अम्मा. पण लोक मूळ निबंध उघडत नाहीत. आधीच्याने शेवटी जी नावं दिली असतील ती उतरवून घेतात. त्याने त्याच्या आधीच्याची उतरवलेली असतात.”

“आणि तिलकवती के.?”

“एक आहे.”

“कुणी केलाय?”

“मी,” जुलैखा म्हणाली.

तिलकवतींनी तिला जेवून जा म्हटलं. रसम-भात केला, वडाम तळले. पोरीने मान खाली घालून जेवण केलं. ती गेल्यावर भांडी घासताना त्यांच्या मनात आलं की जगभर अप्पांचं नाव चाललंच आहे, कुणाच्या बापाला थांबवता येणार नाही. ते फक्त ज्या एका गावात चालायला हवं होतं, तिथलं आपण पुसलं. आणि स्वतःचं नाव जिथे हवं होतं तिथे लावताही आलं नाही. त्या रडल्या. नवरा गेला तेव्हासुद्धा एवढ्या रडल्या नव्हत्या.

त्याच उन्हाळ्यात एका सकाळी त्या खिडकीशी उभ्या होत्या. समोरून अंजुगम नटेसनचा हात धरून येत होती. त्याच्या डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात तो काळा चष्मा होता. कधी करायचं, कुठे करायचं, कोणतं भिंग घालायचं, हे या घरी येऊन कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. पन्नास वर्षं लोकांचे डोळे सांभाळलेली बहीण चार घरांवर, आणि भाऊ ऑपरेशन करून आला ते तिला रस्त्यावर कळलं. तो एका पायरीला अडखळला तशा त्या खिडकीतूनच बोलल्या.

“तंबी, थेंब कोणते दिलेत? नीट वेळच्या वेळी घालतोयस ना?”

नटेसन थांबला. मान वर केली नाही. बायकोकडे वळून हळू आवाजात बोलला, पण गल्ली अरुंद आहे, सगळं ऐकू येतं.

“डॉक्टरांनी दिलेत तेच घालतोय म्हणून सांग त्यांना.”